चंद्रशिलेच्या वाटेवरचे गुडघाभर झुडूप : ‘तालिस’ म्हणजे नक्की कोणते?

पाणकणीस | १९ ऑक्टोबर, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात बाबांना घेऊन उत्तराखंडातल्या तुंगनाथला जाऊन आले. बाबा सदुसष्ट वर्षांचे आहेत, पण साताऱ्यात रोज अजिंक्यताऱ्यावर चढून येतात, त्यामुळे चोपत्याहून वर जाणारी फरसबंद वाट त्यांनी माझ्या आधी संपवली. मंदिर सुमारे ३,६८० मीटरवर आहे. दर्शन झाल्यावर आम्ही वरच्या चंद्रशिला शिखराकडे निघालो.

त्या वाटेवर उत्तरेकडच्या उतारावर एक झुडूप दाट माजलेले दिसले. कुठे घोट्याएवढे, कुठे गुडघ्याएवढे, त्याहून उंच एकही नाही. लांबून वाटते कोणीतरी गडद हिरवी घोंगडी पसरून ठेवली आहे. चालताना पँट घासली की उग्र, धुपासारखा वास येतो. आमच्या वाटाड्याने नाव सांगितले ‘तालिस’. हे ऐकताच बाबा थांबले. लहानपणी खोकला झाला की आजी त्यांना तालीसादि चूर्ण मधातून चाटवायची. “तेच का हे?” त्यांनी विचारले. वाटाड्या म्हणाला, तेच.

घरी आल्यावर बाबांनी मला तीनदा विचारले आहे, खरंच तेच का? म्हणून हा धागा.

प्रचि (प्रकाशचित्र) १ मध्ये अख्खे झुडूप आहे. प्रचि २ मध्ये पानाची वरची बाजू : लंबगोल, जाड, चकचकीत, लांबी माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी. प्रचि ३ मध्ये खालची बाजू : गंजलेल्या लोखंडाचा रंग. प्रचि ४ मध्ये फांदीचे टोक, तिथे वाळलेल्या बारीक बोंडांचा गुच्छ आहे आणि शेजारी एक फुगीर कळी. फुले अर्थातच नव्हती.

जाणकारांनी कृपया सांगावे.

---

गिरीभ्रमर | १९ ऑक्टोबर, रात्री १०:०५

फोटो बघून तिथली थंडी आठवली. बाबांना साष्टांग नमस्कार सांगा.

मला वाटते ही सेमरूची रोपे असावीत. बुरांशाचाच, म्हणजे लाल फुलांच्या ऱ्होडोडेंड्रॉनचा भाऊ, ऱ्होडोडेंड्रॉन कँपॅन्युलॅटम. तुंगनाथच्या खाली वाटेच्या दोन्ही बाजूंना त्याची वाकडीतिकडी झाडे आहेत आणि त्याच्याही पानांची खालची बाजू तांबूस असते.

---

कुर्डू | १९ ऑक्टोबर, रात्री १०:३१

धागा वाचनखूण म्हणून साठवला. ‘प्रचि ४’ मधली कळी ऑक्टोबरात कशी काय? तिथे तर आता बर्फ पडायच्या बेतात असणार.

---

बीजांकुर | २० ऑक्टोबर, सकाळी ७:४८

पाणकणीस, फोटो उत्तम काढले आहेत. विशेषतः पानाची खालची बाजू दाखवलीत हे फार बरे केले. लोक फुलांचे शंभर फोटो काढतात आणि पान उलटून एकही काढत नाहीत, पण या कुळात निम्मी ओळख पानाच्या पाठीवर असते.

गिरीभ्रमर, सेमरूचा अंदाज स्वाभाविक आहे, पण तो नाही. कारण सविस्तर लिहितो.

ऱ्होडोडेंड्रॉनचे ढोबळमानाने दोन गट पडतात. एका गटातल्या पानांच्या पाठीवर लव असते, निदान खवले तरी नसतात. बुरांश आणि सेमरू या गटातले. सेमरूच्या पानाची पाठ तांबूस दिसते ती दाट लवेमुळे, बोट फिरवले तर मऊ फलालीनसारखी लागते. दुसऱ्या गटातल्या पानांवर खवले असतात. खवला म्हणजे मधोमध बारीक देठ असलेली, छत्रीसारखी पसरलेली पेशींची चकती. साध्या डोळ्यांना नुसते ठिपके दिसतात, दहापट भिंगातून एकेक छत्री वेगळी दिसते.

प्रचि ३ मोठा करून पाहिला. कडेच्या भागात ठिपके स्पष्ट आहेत, म्हणजे हे खवले. शिवाय सेमरूचे पान याच्या तिप्पट-चौपट मोठे असते आणि चुरगळले तरी त्याला असा वास येत नाही. वास खवल्यांतल्या तेलाचा.

वास, आखूड लंबगोल पान, गंजाच्या रंगाची पाठ, उंची गुडघ्याखाली, जागा वृक्षरेषेच्या वर उत्तरेकडचा उतार. हे सगळे एकत्र केले की ऱ्होडोडेंड्रॉन अँथोपोगॉन या नावाशी मी पोचतो. डेव्हिड डॉन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२१ मध्ये हे नाव दिले. ग्रीकमध्ये ‘अँथॉस’ म्हणजे फूल आणि ‘पोगॉन’ म्हणजे दाढी. फुलाच्या नळीच्या तोंडाशी आतून केसांचा झुबका असतो, म्हणून ‘दाढीवाले फूल’.

कुर्डू, तुमचा प्रश्न चांगला आहे. प्रचि ४ मधली ती पुढच्या उन्हाळ्याची फुलकळी आहे. हे झुडूप पुढच्या वर्षीची फुले आदल्या वर्षीच तयार करून ठेवते. वर हातात दिवस किती? मे-जूनमध्ये बर्फ वितळते, सप्टेंबर संपता संपता पुन्हा थंडी. त्यात कळी धरा, फुलवा, बी पिकवा हे सगळे बसत नाही. म्हणून कळी आधी बांधायची, खवल्यांच्या पांघरुणात गुंडाळून बर्फाखाली ठेवायची आणि बर्फ हटले की लगेच उघडायची. तुमच्या एकाच फोटोत गेल्या जूनची बोंडे आणि येत्या जूनची कळी शेजारी शेजारी आहेत.

---

गिरीभ्रमर | २० ऑक्टोबर, सकाळी ९:२०

सर, मान्य. लव आणि खवले हा फरक मला आजवर कोणी सांगितला नव्हता. बारा वर्षे हिमालयात जातोय, बुरांशाचे पानही कधी उलटून पाहिले नाही.

पण एक शंका. त्याच उंचीवर लेपिडोटम म्हणून आणखी एक खुजा ऱ्होडोडेंड्रॉन आहे. तोही खवल्यांचा, तोही वासाचा. फूल नसताना तो कसा वगळायचा?

---

बीजांकुर | २० ऑक्टोबर, दुपारी १:१५

बरोबर विचारलेत. लेपिडोटमच्या नावातच ‘खवलेवाला’ असा अर्थ आहे.

उत्तर बोंडांत आहे. लेपिडोटमची फुले एकेकटी किंवा दोन-तीन मिळून येतात आणि प्रत्येकाला लांब, नाजूक देठ असतो. त्यामुळे बोंडेही देठावर सुटी उभी राहतात. अँथोपोगॉनमध्ये चार-सहा फुलांचा घट्ट गुच्छ फांदीच्या टोकाशी येतो, देठ अगदी आखूड. प्रचि ४ मध्ये बोंडे एकमेकांना चिकटून, मुठीसारखी बसली आहेत. पुन्हा, लेपिडोटमच्या पानाची पाठ फिकट, करडट हिरवी दिसते, अशी गंजलेली नाही.

फुले पाहिलीत तर घोटाळा उरतच नाही. लेपिडोटमचे फूल बशीसारखे उघडे, बहुधा गुलाबी-जांभळे, पुंकेसर बाहेर डोकावणारे. अँथोपोगॉनचे फूल अरुंद नळीचे, जेमतेम सेंटिमीटरभर नळी आणि पुढे पाच पाकळ्या पसरलेल्या. रंग पांढरा, सायीसारखा, फिकट पिवळा किंवा गुलाबी. पुंकेसर पाच ते आठ, सगळे नळीच्या आत. बुरांशात पुंकेसर लांब बाहेर येतात, इथे बाहेरून एकही दिसत नाही. जूनमध्ये तिथे गारा आणि पाऊस रोजचेच, त्यात परागकण असे आत झाकलेले राहतात.

परागकणांचेही एक सांगायला हवे. या कुळात ते सुटे नसतात, चार-चारच्या पुंजक्यांत असतात. ऱ्होडोडेंड्रॉनमध्ये हे पुंजके चिकट धाग्यांनी आणखी एकमेकांना बांधलेले असतात. परागकोश उभा फाटत नाही, टोकाला दोन भोके पडतात आणि त्यातून ही माळ ओढली जाते. भुंग्याचा पाय एकदा लागला की माळच्या माळ त्याच्याबरोबर जाते.

---

वैद्य_अनघा | २० ऑक्टोबर, रात्री ८:५०

पाणकणीस, तुमच्या बाबांच्या प्रश्नावर लिहिते, कारण हा घोळ मी दवाखान्यात नेहमी बघते.

तालीसादि चूर्ण जुने आहे, चरकसंहितेत राजयक्ष्म्याच्या (क्षयाच्या) चिकित्सेत त्याचा पाठ येतो. तालीसपत्र एक भाग, मिरे दोन, सुंठ तीन, पिंपळी चार, वंशलोचन पाच, वेलची आणि दालचिनी अर्धा-अर्धा भाग, आणि पिंपळीच्या आठपट साखर. आजीच्या चूर्णात तालीसपत्र असणारच. पण ते कोणत्या झाडाचे?

आयुर्वेदाच्या अधिकृत औषधीकोशात तालीसपत्र म्हणजे अ‍ॅबीस वेबिआना, हिमालयातला फर वृक्ष. हा पन्नास मीटरपर्यंत वाढू शकणारा सूचिपर्णी आहे. म्हणजे तुम्ही ज्याच्यावरून पँट घासत गेलात ते गुडघाभर झुडूप नव्हे. पण नावे प्रदेशाप्रमाणे सरकतात. काही भागांत टॅक्सस, म्हणजे थुनेर, तालीसपत्र म्हणून विकला जातो. काश्मीर, हिमाचल, गढवालकडे अँथोपोगॉनची पाने त्याच नावाने जातात. तुमचा वाटाड्या खोटे बोलला नाही. त्याच्या गावात तालिस हेच.

बाबांना सांगा, आजीच्या डबीत बहुधा फरची पाने होती.

काष्ठौषधी घेताना बघायचे एवढेच : फरचे पान चपटे, सुईसारखे लांबट, टोकाला बारीक खाच आणि पाठीवर दोन पांढरट रेषा. थुनेरचे पान टोकदार, पांढऱ्या रेषा नाहीत, आणि ते विषारी आहे, हे हलक्यावर घेऊ नका. अँथोपोगॉनचे पान सुईसारखे नाहीच, लंबगोल आणि पाठ गंजलेली. तिन्ही पाने शेजारी ठेवली तर शाळकरी मूलसुद्धा वेगळी करील. पण चूर्ण झाले की कोणालाच काही कळत नाही. म्हणून मी पाने अख्खी मागवते आणि कुटून घेते.

अँथोपोगॉनची पाने घरी उकळून पिऊ नका. नेपाळ, तिबेटकडे तिचा औषधात आणि चहात वापर आहे, पण तो जाणत्या माणसांच्या हातचा. या वंशातल्या अनेक जातींत हृदयाची गती मंदावणारी विषे असतात.

---

पाणकणीस | २० ऑक्टोबर, रात्री ९:३०

अनघाताई, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. जरा हिरमुसले. मग म्हणाले, “पण गढवालातल्या कोणाच्या तरी आजीने हेच वापरलं असेल ना.” मला त्यांचे म्हणणे पटले.

एक कबुलीही द्यायची आहे. उतरताना वाटेवरच्या एका दुकानातून ‘तालिसपत्र’ लिहिलेली पुडी घेतली होती. आता उघडून पाहिली, पाने लंबगोल आहेत आणि पाठ गंजलेली. चूर्णात घालणार नाही.

---

सह्यवेडा | २१ ऑक्टोबर, सकाळी ११:०२

पाणकणीस, राग मानू नका, पण ती पुडी विकत घ्यायला नको होती. चोपता-तुंगनाथचा परिसर केदारनाथ वन्यजीव अभयारण्याचा आहे. ते झुडूप तिथे किती सावकाश वाढते हे सर सांगतीलच. आपल्या पुडीसाठी कोणीतरी फांद्याच ओरबाडल्या असणार.

आणि मला एक विचारायचे आहे. कासच्या पठारावरही सगळे घोट्याएवढेच असते. तिथेही वारा, इथेही वारा. मग हे आणि ते एकच प्रकरण का?

---

बीजांकुर | २१ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४०

सह्यवेडा, दोन्ही मुद्दे महत्त्वाचे. पुडीबद्दल सहमत. त्यांना ते आता कळले, आपल्यातल्या पुष्कळांना याआधी कळायला हवे होते.

कासशी तुलना मला फार आवडली, पण कारणे वेगळी आहेत. कासला जांभ्यावर मातीचा थर बोटभर. पावसाळ्यात सगळे पाण्यात, उन्हाळ्यात तापलेला तवा. तिथल्या बहुसंख्य वनस्पती चार महिन्यांत जन्मून, फुलून, बी टाकून संपतात, किंवा जमिनीखाली कंद ठेवून निजतात. अँथोपोगॉन काष्ठमय आहे आणि सदाहरित आहे. तो कुठेच पळून जात नाही. हिवाळाभर पाने अंगावर ठेवून तिथेच उभा राहतो. कसा, ते सांगतो.

त्या उंचीवर हवा थंड असते, पण उन्हात जमीन तापते. जमिनीलगतच्या वीतभर-हातभर हवेत वारा अडतो आणि ऊब टिकते. दाट, बुटक्या झुडपाच्या पोटात भर दुपारी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापमान असते. पाणकणीस, पुन्हा गेलात तर उन्हात हात आत घालून बघा. उंच झाडाला हे जमत नाही. त्याचा शेंडा वाऱ्यात असतो, हवा जेवढी थंड तेवढाच तोही थंड. वृक्षरेषेच्या वर झाडे का थांबतात आणि ही झुडपे का चालू राहतात, याचे बरेचसे उत्तर या ऊबेत आहे. बुटकेपणाला लोक खुरटणे म्हणतात, मला तो शब्द इथे अजिबात मान्य नाही. या झुडपाला चोपत्याला आणून लावले तरी ते बुरांशाएवढे होणार नाही. त्याची घडणच ती आहे. आडोशाला ते पुरुषभर उंचीच्या जवळ जाते, उघड्यावर वीतभर राहते, पण झुडूपच राहते.

हिवाळ्यात दुसरा आधार म्हणजे बर्फ. बर्फाच्या दुलईखाली तापमान शून्याच्या आसपास राहते, वर कितीही उणे होवो. म्हणून हे झुडूप उत्तर उतारावर दिसते, जिथे बर्फ लवकर पडते आणि उशिरापर्यंत टिकते. दक्षिणेकडच्या उन्हाच्या उतारावर तुम्हाला बुग्याल, म्हणजे गवताचे कुरण, दिसले असेल.

पानावरचे खवले पाणी वाचवतात. हिवाळ्याच्या शेवटी ऊन पडते, पान तापते, पण मुळाशी माती गोठलेली, पाणी मिळत नाही. अशा वेळी पान करपते ते थंडीने नव्हे, तहानेने. पानाची श्वासरंध्रे खालच्या बाजूला, खवल्यांच्या दोन-तीन थरांखाली झाकलेली असतात. याच्या खवल्यांच्या कडा फाटक्या, झालरीसारख्या असतात आणि एकमेकांत अडकतात. ही झालर या गटाची खूण आहे, लेपिडोटमच्या खवल्याची कड सलग असते. आणि तेलाच्या उग्र वासामुळे मेंढ्या-बकऱ्या सहसा तोंड लावत नाहीत.

आता मुळे. तिथली माती काळी, आम्ल, अर्धवट कुजलेल्या पाल्याची. नत्र असते, पण झाडाला घेता येईल अशा रूपात नसते. या कुळाची सर्वांत बारीक मुळे केसाहून बारीक असतात आणि त्यांच्या पेशींत एक बुरशी राहते. ती कुजका पाला फोडून नत्र झाडाला देते, झाड तिला साखर देते. नर्सरीच्या कुंडीत, आपल्या काळ्या चुनखडीच्या मातीत हे झाड का मरते, त्याचे मोठे कारण हेच.

वाढ किती? वर्षाला फांदी बोटाच्या एका-दोन पेरांएवढी. खोडातली वलये इतकी बारीक की सूक्ष्मदर्शकाखाली मोजावी लागतात.

---

आल्प्सपल्याड | २२ ऑक्टोबर, रात्री १:१८

इथे झुरिचमध्ये बसून वाचतेय. सर, तुमच्या बर्फाच्या मुद्द्याला जोड देते.

आमच्याकडे आल्प्समध्ये याचा चुलतभाऊ आहे, ऱ्होडोडेंड्रॉन फेरुजिनियम. ‘फेरुजिनियम’ म्हणजेच गंजासारखा. पानाची पाठ हुबेहूब प्रचि ३ सारखी, उंची मीटरभर, खवले आणि सदाहरित पाने तशीच. फूल मात्र गडद गुलाबी. इथे लोक त्याला ‘आल्प्सचा गुलाब’ म्हणतात. ज्या हिवाळ्यात बर्फ कमी पडते त्याच्या पुढच्या वसंतात बर्फाबाहेर राहिलेल्या फांद्या तपकिरी, मेलेल्या दिसतात आणि त्याखालच्या हिरव्यागार. झुडपाला जणू एका रेषेत कापले आहे. बर्फ कुठवर होते ते झुडूपच सांगते.

आणि इथे एक गंमत आहे. आम्ल खडकावर फेरुजिनियम, चुनखडीवर दुसरी जात, हिर्सुटम. तिच्या पानाच्या कडेला लांब केस असतात. एका डोंगरावरून दुसऱ्यावर गेले की खडक बदलतो आणि झुडूपही बदलते. भूगर्भाचा नकाशा नसला तरी पानाच्या कडेवरून अंदाज येतो.

---

उत्तरायण | २२ ऑक्टोबर, सकाळी १०:४४

मी नोकरीनिमित्त सिलिगुडीला असतो. सिक्कीममध्ये याला नेपाळी नाव आहे सुनपाती. सुन म्हणजे सोने, पाती म्हणजे पाने. झोंगरीला, चार हजार मीटरच्या आसपास, मैलभर हेच आणि याच्या जोडीला सेटोसम नावाचा दुसरा खुजा ऱ्होडोडेंड्रॉन. तिथल्या गोंपांमध्ये (बौद्ध मठांत) आणि घराघरांत सकाळी धुरी देतात ती सुनपाती आणि धुपीची, म्हणजे ज्युनिपरची. वास एकदा घेतला की विसरत नाही.

पाणकणीस, तुमच्या वाटाड्याने फुलांच्या दिवसांत इथे फार वेळ बसू नका, डोके जड होते, असे काही सांगितले का? आमच्याकडे सांगतात. जोसेफ हूकर १८४८ ते १८५० या काळात सिक्कीममध्ये फिरला, त्यानेही हे नोंदवले आहे की उंच खिंडी ओलांडताना होणारी डोकेदुखी स्थानिक लोक या दोन झुडपांच्या वासावर ढकलतात.

---

गिरीभ्रमर | २२ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

अगदी हेच गढवालातही ऐकले आहे! पण चार हजार मीटरवर डोके दुखते ते विरळ हवेने. वासामुळे दुखतेय असे समजून लोक खाली उतरत नाहीत, ‘झुडपातून बाहेर पडलो की बरे वाटेल’ म्हणत वर जात राहतात. हे धोक्याचे आहे. डोके दुखू लागले तर वर जाऊ नका, थांबा, वाढले तर उतरा. वासाची गोष्ट ऐकायला गोड आहे, पण तिच्यावर विसंबू नका.

---

कुर्डू | २२ ऑक्टोबर, रात्री ९:१०

आपल्याकडे, महाराष्ट्रात एकही ऱ्होडोडेंड्रॉन नाही का? कळसूबाईवर?

---

बीजांकुर | २३ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

रानटी एकही नाही. कळसूबाई १,६४६ मीटर. पण निलगिरी, पळणीच्या डोंगरांत बुरांशाचीच दक्षिणेकडची उपजात आहे, निलगिरिकम. हिमालय आणि निलगिरी यांच्यामध्ये दोन हजार किलोमीटर आणि मधल्या वाटेवर, आपल्या सह्याद्रीतसुद्धा, तिचा मागमूस नाही. ती तिकडे पोचली कशी, हा जुना प्रश्न. सुंदरलाल होरा यांनी माशांच्या अभ्यासावरून सातपुड्यामार्गे हिमालयी जीव दक्षिणेत आले असावेत अशी कल्पना मांडली होती. हिमयुगात हवा गार असताना मधले डोंगरही राहण्याजोगे होते, असाही विचार आहे. सह्याद्रीवर उभे राहिलो की मला वाटते, इथून कधीतरी बुरांश गेला असेल का. पण खुज्या, खवल्यांच्या ऱ्होडोडेंड्रॉनांपैकी एकही दक्षिणेत नाही. ते हिमालयाला धरून राहिले.

पाणकणीस, एक काम सांगतो, जमले तर. अँथोपोगॉनच्या दोन उपजाती मानतात. एकीत कळीवरची खवलेदार पांघरुणे पालवी फुटल्यावर गळून जातात. दुसरीत, हायपेनँथममध्ये, ती वाळून फांदीवरच वर्षानुवर्षे चिकटून राहतात. पश्चिम हिमालयात ही दुसरी अपेक्षित आहे आणि तिची फुले बहुधा फिकट पिवळी. प्रचि ४ मध्ये कळीच्या खाली काहीतरी तपकिरी दिसते आहे, पण फोटो तिथे धूसर आहे. पुन्हा गेलात तर बघा. तोडू नका, वाकून बघा.

---

पाणकणीस | २३ ऑक्टोबर, रात्री १०:००

सर, नक्की. बाबा आत्ताच कॅलेंडर बघतायत. सर्वांचे मनापासून आभार.

---

पाणकणीस | ११ जून, रात्री ८:२५

धागा वर आणतेय.

परवा तुंगनाथहून परतलो. बाबांनी साताऱ्याच्या दुकानातून दहापट भिंग घेतले होते, दोरा बांधून गळ्यातच घालून फिरत होते.

उत्तर उतारावर अजून बर्फाचे पट्टे होते आणि त्यांच्या कडेलाच झुडपे फुललेली. बर्फापासून हातभर अंतरावर फुले, बर्फाला टेकून अजून मिटलेल्या कळ्या. फुले सायीच्या रंगाची, आत किंचित पिवळी झाक. गुच्छात पाच, कुठे सहा. भिंग लावून नळीत पाहिले तर तोंडाशी पांढऱ्या केसांचा दाट झुबका आणि त्याच्या मागे पुंकेसर. एका फुलात सहा मोजले, शेजारच्यात सात. आम्ही असेपर्यंत दोनदा गारा पडल्या, नळीत एकही शिरली नाही.

ऊन पडल्यावर झुडपाच्या पोटात हात घातला. बाहेर जॅकेट घालून कुडकुडत होते आणि आत हाताला चक्क ऊब लागली. पानाच्या पाठीवर भिंग धरले, खवल्यांची झालर मला दिसली, बाबांना दिसली नाही. त्यांना फक्त ‘गंजाचा रवा’ दिसला.

आणि सर, पांघरुणे आहेत! फांदीवर ठरावीक अंतराने वाळक्या, तपकिरी खवल्यांचे कडे आहे, बांगडीसारखे. हायपेनँथमच असणार. बाबांनी ते पाहून विचारले, म्हणजे प्रत्येक कडे एका वर्षाचे का? मी म्हटले, असावे. मग ते खडकावर बसले, फांदी दोन बोटांत हलकेच धरली आणि टोकाकडून मोजत गेले. नऊ कडी स्पष्ट होती, त्याखाली ती झिजून गेली होती. नऊ वर्षांची फांदी बाबांच्या वितीत मावली.

प्रचि ५ मध्ये तीच फांदी आहे, बाबांचा हात शेजारी ठेवून. फांदी तिथेच आहे. वाटाड्याला मी पानाची पाठ भिंगातून दाखवली. त्याला झालर पहिल्या झटक्यात दिसली.

---

बीजांकुर | १२ जून, सकाळी ६:५५

प्रचि ५ पाहिला. हायपेनँथम, शंका नाही. बाबांचा वर्षे मोजण्याचा विचार योग्य आहे : एक कडे, एक हिवाळा. पुढच्या वेळी बर्फाच्या कडेच्या झुडपाची आणि उघड्या धारेवरच्या झुडपाची कडी शेजारी शेजारी मोजा आणि अंतरे इथे लिहा.

---

पाणकणीस | १२ जून, सकाळी ७:१०

बाबांनी वहीत लिहून ठेवले. पट्टी लागेल म्हणाले, वीत चालणार नाही.